डोंगराला टेकलेलं घर

स्टाइनग्राबेन, ४ सप्टेंबर १८६९
प्रोफेसर ओटोकार रायन्डल यांची बायको म्हणून आज या घरात आले. स्टेशनवर स्वतः घ्यायला आले होते, हातात रानफुलं. डोंगरातून जाणारी ही रेल्वे त्यांनीच बांधली. आता ग्राझला विद्यार्थ्यांना बोगदे बांधायला शिकवतात. घर डोंगराला पाठ टेकून बसल्यासारखं आहे. त्यांच्या पहिल्या बायकोची मुलगी पोल्दी दाराआडून मला न्याहाळत होती. स्वयंपाकीण क्रेसेन्झने कलेजीच्या गोळ्यांचं सूप केलं होतं. म्हणाली, "खा बाईसाहेब, इथल्या थंडीत एवढ्याशा अंगाने टिकायच्या नाहीत तुम्ही." मी दोनदा वाढून घेतलं.

१२ सप्टेंबर
तळघराला कुलूप का, असं विचारलं, तर क्रेसेन्झचे कणीक मळणारे हात थांबले. म्हणाली, इथे आधी दुसराच बोगदा खणत होते. छत कोसळलं आणि साहेबांचा थोरला मुलगा लोरेन्झ आत अडकला. आतून ठोकल्याचा आवाज येत होता, पण आणखी माणसं दगावतील म्हणून साहेबांनीच तोंड बुजवायला लावलं. "आणि मग घर बांधलं तेही नेमकं तिथेच, तळघराच्या भिंतीमागेच ते तोंड. आता बोला."

२९ सप्टेंबर
ओटोकारनी ग्राझला जाणं सोडलंय. दिवसभर तळघरात असतात. नखांत माती. जेवताना सहज म्हणाले, लोरेन्झ बोलतो माझ्याशी, आता हातभरच भिंत उरलीय. तो कधीच गेला, असं मी म्हटलं. ते हसले. म्हणाले, "तू त्याला ओळखत नाहीस."

५ ऑक्टोबर
क्रेसेन्झ काम सोडून गेली. पोरीला घेऊन निघा, म्हणाली. पण निघणार कशी? ती गेली त्या गाडीनंतर पावसाने रुळांवर दरड आलीय, गाड्या बंद.

६ ऑक्टोबर
मीही ऐकलं. जमिनीखालून. तरुण मुलाचा आवाज. त्याने मला नावाने हाक—

७ ऑक्टोबर
भिंतीला भोक पडलंय. मोठं माणूस जाणार नाही एवढं. ओटोकार दोरीने पोल्दीचे खांदे मोजत होते. मी गुडघे टेकून विनवलं. "भावाला नुसता हात द्यायचाय तिने," म्हणाले. किती मायेने म्हणाले—

८ ऑक्टोबर, दुपार
न्हाऊन आले तर पोल्दी नाही. तळघरात धावले. ते भोकापाशी, दोरी आत सोडलेली. मी हिसकावली, ओढत राहिले, ओढत— आली. मातीने माखलेली. डोळे मिटलेले. श्वास आहे. उचलून वर आणलं, खोलीला आतून कडी घातली.

संध्याकाळ
ते वर आलेच नाहीत. खाली भिंत फोडताहेत. पोल्दी माझ्या कुशीत. बोलत नाही. शेगडी पेटवली, सगळ्या रजया घातल्या, तरी अंग गार—

फोडणं थांबलं.
खालून पोल्दीचा आवाज येतोय. रडतेय. मला कधी आई म्हणाली नव्हती. आता म्हणतेय, आई, तू त्याला घेऊन गेलीस, मी इथेच—

माझ्या कुशीत जे आहे ते डोळे उघ