बाबांना काय वाचून दाखवायचं

दादा,
डॉक्टर फोन उचलत नाहीत, म्हणून त्यांना आणायला जातेय. तू बाबांच्या उशाशी बसून वाचत राहा. धंद्यावरचं जाड पुस्तक आधी घे, त्यातल्या मालकावर ते अजून चिडतात. यंत्रांचं नको, बंद पडलेला कारखाना आठवतो. ताऱ्यांचं मात्र अंगाई म्हणावी तसं हळू वाच. समाजात माणसाची किंमत कशी ठरते, ते पुस्तक मी कपाटावर टाकलंय. भेटायला कुणी येत नाही, हे त्यांना पुस्तकातून कळायला नको.

मधेच एखादा शब्द मुद्दाम चुकव. चूक ऐकली की ते 'च्च' करतात. अर्धांगवायूनंतर तेवढाच आवाज उरलाय त्यांना. आज मी पानभर चुकीचं वाचलं, दादा. ते गप्पच आहेत.

तुझं वाचन मेलं पहिल्यापासून वाईट. तुला तरी रागावतील.

छोटी