सगळ्या डाव्या बाह्या

प्रिय ताई, तुझ्या धाकटीचा नमस्कार.

आधी चांगली बातमी. एचआयव्हीच्या गोळ्या वेळेवर घेते, रिपोर्टमध्ये विषाणू सापडतही नाही. तेव्हा काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे?

पण माझं डोकं तापलंय. गेल्या आठवड्यात कपड्यांच्या कारखान्यात चाळीस बाह्या कापल्या, सगळ्या डाव्या. वीस वर्षं कात्री चालवणारी मी! मुकादम हसला, "बाई, उजवा हात घरी विसरलात का?"

दवाखान्यात गेले. म्हटलं, पाळी गेल्यापासून फार विसरायला होतंय, हार्मोनच्या औषधाने फरक पडेल का? डॉक्टरांनी मानही वर केली नाही. "या आजारात असं होतंच. आणि या वयात हार्मोन कशाला हवेत तुम्हाला?" जणू मी नटायला मागत होते! मी खुर्चीतून उठलेच नाही. बाहेर रांग कुरकुरायला लागली, तेव्हा नर्सने दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी नीट तपासलं आणि कातडीवर चिकटवायची हार्मोनची पट्टी सुरू केली. झोप सुधारेल म्हणाल्या, पण स्मरणशक्तीची खात्री देईनात. "एचआयव्ही असून पाळी गेलेल्या, तुमच्यासारख्या बायकांवर अभ्यासच फार थोडा झालाय." का नाही झाला? आम्ही माणसं नाही?

आईला यातलं काही सांगू नकोस.

बाह्यांचं मला काही नाही गं. परवा कामावर असताना तुझ्या लेकीचं नाव आठवेना. कुणाला विचारलं नाही, टेबलापाशी बसून राहिले. बऱ्याच वेळाने आठवलं, तेव्हा त्या नावाने एवढ्या मोठ्याने हाक मारली की सगळा कारखाना वळून बघायला लागला.

तुझीच,
भांडकुदळ धाकटी