मधली मुकी जागा

सोमवार, ५
नोकरी झकास आहे. खोली कारखान्याला लागूनच, खिडकीत भरपूर ऊन, नळाला पाणी. काम माझ्या आवडीचं: दुरुस्त होऊन आलेले लांबलचक रोटर, म्हणजे यंत्रांचे फिरते दांडे, फिरवून बघायचे, कुठल्या वेगाला किती थरथरतात ते. म्हाताऱ्या फिटरला सगळे आबा म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, की क्रिटिकल वेग, म्हणजे जिथे थरथर सगळ्यात वाढते तो, आला की तिथे रेंगाळायचं नाही, झपकन पुढे जायचं. वीस वर्षं हेच करतोय, असं मी हसून सांगितलं. महिन्याभरात भिंगरीला, माझ्या सात वर्षांच्या लेकीला, ताईकडून घेऊन येईन. तिची आई जाऊन वर्ष होत आलं.

गुरुवार, ८
भिंगरीने फोनवर विचारलं, बाबा, तू नक्की काय करतोस. तिला दोरीउडीची दोरी घ्यायला लावली. एक टोक ताईने धरलं, दुसरं तिने हलवलं. हळू हलवली की दोरीला एकच पोट येतं. जोरात हलवली की दोन, आणि मधोमध एक जागा, जिथे दोरी हलतच नाही. क्रिटिकल वेगाला आलेल्या रोटरचंही तसंच. बाकीचा वेडावाकडा वाकतो, मधली जागा गप्प. तिथे थरथर मोजणारा सेन्सर लावला तर वाटावं, सगळं आलबेल आहे. भिंगरी म्हणाली, म्हणजे तुझ्यासारखीच गप्प. ताई हसली. मला हसू आलं नाही.

मंगळवार, १३
नवा रोटर क्रिटिकलजवळ कसा वाकतो ते बघत होतो. सेन्सर रोटरशेजारच्या पट्टीतल्या एकेका भोकात सरकवत मध्यावर आणला, कानाला हेडफोन. तिथे काहीच ऐकू यायला नको. टक टक. थोडं थांबून पुन्हा टक टक. आबांना हेडफोन दिला, त्यांना काही ऐकू आलं नाही.
शेवटचे दोन महिने दवाखान्यात हिला, भिंगरीच्या आईला, बोलता येत नव्हतं. पलंगाच्या दांडीवर बोटाने वाजवायची. एकदा म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे जवळ बस. तीनदा म्हणजे घरी जा, पोर एकटी आहे. शेवटच्या दुपारी ती दोनदा वाजवत होती, असं नर्सने नंतर सांगितलं. मी खाली चहा पीत होतो.

शुक्रवार, १६
वेग पुढे नेला की टकटक बंद. फक्त क्रिटिकललाच येते. आज चार मिनिटं थांबलो. बसलोय गं, म्हणालो. थरथर वाढली की मशीन आपोआप बंद पडतं, ते टोकाच्या सेन्सरच्या इशाऱ्यावर. त्याची वायर काढून मधल्याला जोडली. आता मशीनला वाटतं, सगळं गप्प आहे. हे पाप आहे हे कळतं. तरी हात थांबत नाही.

सोमवार, १९
आबांनी टोकाच्या बेअरिंगवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. मशीनच्या पायाचे बोल्ट ढिले झालेत. म्हणाले, माझीही गेली, मला कळतं, पण तुला पोर आहे. पुन्हा थांबलास तर साहेबांना सांगेन.
ते जेवायला गेल्यावर अकरा मिनिटं.

बुधवार, २१
भिंगरीला रडून रडून ताप आला म्हणून ताई सकाळीच तिला माझ्याकडे सोडून गेली. पोर पलीकडे केबिनमध्ये चित्र काढत बसली आहे. आबा सांगायला साहेबांकडे गेलेत. उद्यापासून मला इथे येऊ देणार नाहीत. शेवटचं ऐकून घेतो. वही मशीनशेजारीच — अक्षर हलतंय —

टक टक टक.

तीन. नीट मोजले. पुन्हा तीन.

कळतंय गं. घरी जा म्हणतेस. पण मी बंद केलं की तू —

एक बोल्ट उडाला. केबिनची काच तडकली. भिंगरी दारात, कानांवर हात. बाबा, चल, म्हणतेय बहुतेक — ऐकू येत नाही —

तीन. तीन. थांबतच नाही ही —

उठतो. फक्त एकदा, एकदाच दोन वाजव, मग मी लगेच