वखारीवरचे सहा मजले

गुरु. १२ ऑक्टो. ७२
पुण्याचे आर्किटेक्ट कारखानीस नकाशा देऊन गेले. सहा मजले! नगरात इतकं उंच माझ्या तरी पाहण्यात नाही. लिफ्ट, दोन-दोन बाल्कन्या, संडास घरातच. बाबांची लाकडाची वखार, कापडबाजाराच्या पाठीमागे, भर वस्तीत, आणि आत काय? कुजके ओंडके, एक छत्रीदुरुस्तीवाला भाडेकरू आणि उंदीर. बघवत नाही. सहाव्यावर आपण राहायचं, ठरलं.
इंदू म्हणते, "नळाला पाण्याचा पत्ता नाही, सहाव्यावर हंडे घेऊन मी चढू? आणि स्वयंपाकघराला लागून संडास? शी!" बायकोला काहीही दाखवा, आधी नाक मुरडणार.

सोम. १६ ऑक्टो.
वकिलांनी खोडा घातला. बाबा छप्पन्न सालच्या वारसा कायद्यानंतर गेले, म्हणून वखारीत धाकट्या बहिणीचा, शांताचा, निम्मा वाटा. तिनं हक्कसोडपत्रावर सही केल्याशिवाय वीट ठेवता येणार नाही. "साडीचोळी करा, सही आणा. सगळे हेच करतात." करतात खरंच. मग शांताला लिहायला घेतलेलं पत्र दोनदा का फाडलं?
शांता मिरजगावला. यंदा तिकडे पावसाचा टिपूस नाही. विहीर आटली, मेहुणे दुष्काळी कामावर खडी फोडतात. तीही जाते म्हणे. आमची शांता!

शनि. २८ ऑक्टो.
झोप नाही. वखारीत नुसत्या चकरा. कारखानीसांना दिवाळीनंतर लगेच पाया खणायचाय. मलाही. चाळिशी उलटली, अजून 'वखारवाल्यांचा मुलगा' म्हणूनच ओळखतात लोक.
शांतासाठी इरकल घेतलं. इंदू पदर चाचपत म्हणाली, "एवढं भारी? काय काम काढलंय तिच्याकडे?"
घडी घालून कपाटात ठेवलं.

भाऊबीज
मिरजगाव. एस.टी.त उभ्यानं. शांता काळवंडलीय, हाताला घट्टे. पण रांगोळी, पाट, सगळं साग्रसंगीत.
ओवाळून झालं. मी ताटात इरकल ठेवलं. घडीखाली हक्कसोडाचा कागद. कसली अवदसा आठवली मला! म्हटलं होतं, साडी घेताना दिसेल, हसतहसत सांगता येईल. कागदाचं टोक निरांजनावर गेलं. तिनंच झटकन ओढून काढला, फुंकर मारली, उभ्याउभ्या वाचला. लग्नानंतर बोलणंही तिकडचंच झालंय तिचं.
"दादा, ओवाळणी घालायची असती रे. मागायची नसती."
मेहुणे उठून बाहेर गेले. भुईनं दुभंगून मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.
जेवताना मात्र वाढता वाढता म्हणाली, "सही देत न्हाई आसं न्हाई. खालचा, रस्त्याकडचा एक गाळा मला दे. पिठाची गिरणी घालते. लई खडी फोडली, आता न्हाई."
बरं म्हणालो. पटकन म्हणालो.

मंगळ. १४ नोव्हें.
कारखानीसांना ट्रंककॉल. "आलिशान इमारतीच्या दर्शनी भागात गिरणी? अहो, भिंती हादरतील, जिनाभर पीठ, दारात डब्यांची रांग! एक घर विकलं जाणार नाही. मागे जिन्याखाली खोली देऊ बाईंना." त्यांच्यावर ओरडलो. फोन ठेवला आणि वाटलं, खरं तेच बोलतोय माणूस. मग शांताचाच राग आला. मग स्वतःचा.
तिला कार्ड टाकलं. जिन्याखालची खोली चांगली आहे, असं लिहिलं. लाज वाटली, तरी टाकलं.

रवि. २६ नोव्हें.
उत्तर म्हणून ती स्वतःच आली! ट्रंक, तवा, परात, वळकटी. घरी नाही, थेट वखारीत. बाबा बसायचे त्या खोलीचं कुलूप तिनं छत्रीवाल्याकडून तोडून घेतलं.
"हितंच ऱ्हाते. माज्या बी बापाचं हाय."
"अगं पण लोक काय म्हणतील?"
"इचारायला आलं तर माज्याकडं धाड."
इंदूनं मला न विचारता पाण्याची कळशी नेऊन दिली तिला. फितूर.

मंगळ. २८ नोव्हें.
उद्या कारखानीस कंत्राटदाराला घेऊन येतायत. सकाळी 'येऊ नका' म्हणून तार करायला पोस्टात गेलो, रांगेतून परत फिरलो. शांताला जा म्हणायला वखारीत गेलो, तर तिनं भाकरी वाढली. ओंडक्यावर बसून खाल्ली. पिठलं अगदी आईच्या हातचं. तिनं नकाशा मागितला, चुलीच्या उजेडात उलगडून बराच वेळ बघत बसली. सहाव्या मजल्यावर बोट ठेवलं.
"तू हितं ऱ्हानार?"
"हो."
"मी खालनं हाक मारली तर ऐकू यील का रे दादा?"
मी नकाशाची घडी घालून ओंडक्यावर ठेवली. तिनं आणखी पिठलं वाढलं.