दोनच कप

४ ऑगस्ट, चिखली
ऑपरेटिंग सिस्टमच्या नव्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, तीच टेस्ट दीडपट वेळ खातेय. डिस्क ठीक आहे. फाइल वाचताना कर्नल पुढची पानं आधीच मेमरीत आणून ठेवतो, तेच बंद पडलंय. का, कळत नाही. पुण्याहून साहेबांचा फोन. शुक्रवारपर्यंत कारण हवं.
बाबांनी सकाळी चहाला पुन्हा तीन कप मांडले. आईला जाऊन दोन महिने झाले. "आई नाही ना आता" म्हटलं की आत्ताच कळल्यासारखा चेहरा होतो. उद्यापासून सांगायचं नाही.

५ ऑगस्ट
सांगितलंच. जीभ झडो माझी. बाबा जेवले नाहीत.

६ ऑगस्ट
ट्रेस, म्हणजे कर्नलने काय काय केलं त्याची नोंद, पाहिला. एकाच फाइलीतून प्रोग्रॅमचे दोन धागे, दोन थ्रेड, दोन जागांहून आळीपाळीने वाचतात. वाचणारा उड्या मारतोय असं वाटून कर्नल नाद सोडतो. पण हे दोघं जुन्या कर्नलवरही होतेच. तो कसा नाही फसला?

७ ऑगस्ट
बाबा नोकरीला तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. साहेबाने दोन फाइली मागितल्या की तिसरी न सांगता हजर. म्हणून त्यांनाच विचारलं, दोन साहेब एकदम मागायला लागले तर?
"त्यात काय हाये पोरी? टेबलावर पाह्यचं, कोन्ती फाइल आंधीच काढून हाये. तिच्या फुडची द्याची."
काल काय जेवले ते आठवत नाही. आणि हे...
कोड उघडला. आधीची पानं मेमरीत आहेत का हे पाहणारी पायरीच एका बदलात गळलीये. बदल माझाच. मे महिन्यातला, खामगावच्या दवाखान्यात आईच्या खोलीबाहेर बाकावर बसून केलेला. आत ती हाका मारत होती, मी म्हणत होते, पाच मिनिटं गं. खूप रडले.

८ ऑगस्ट
दुरुस्ती पाठवली. टेस्ट पूर्ववत. साहेब खूश. मला काहीच वाटलं नाही.

११ ऑगस्ट
आज दोनच कप.
आई गेल्याचं समजलं म्हणून, की आईलाच विसरले म्हणून? विचारायला तोंड उघडेना. हेच तर हवं होतं मला.
शेवटी आईचा कप मीच काढून टेबलावर ठेवला. बाबा चहा गाळत होते. कपाकडे पाहिलं आणि हातात गाळणी धरून तसेच उभे राहिले.