फोटोतली पाठ माझी आहे

मु. पो. वाघदरे, जि. नाशिक
शनिवार, दि. ३१ ऑगस्ट २००२ (सकाळची शाळा सुटल्यावर)

यंदाचे आदर्श शिक्षक, प्रभारी केंद्रप्रमुख आणि अजून तरी माझे धाकटे साडू श्री. जयरामराव यांना थोरला साडू हिरामण याचा नमस्कार.

तुम्ही केंद्रप्रमुख झाल्यापासून नमस्कारसुद्धा योग्य मार्गे पाठवायला हवा, म्हणजे अर्जदाराने लिहायचा आणि मुख्याध्यापकाने 'शिफारस केली' म्हणून पुढे धाडायचा. आमच्या दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक मीच, त्यामुळे माझ्या नमस्काराची मीच शिफारस केली आहे, स्वीकार व्हावा. इकडे सर्व क्षेम. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? गुरुवारी नाशिकला स्टेजच्या पायऱ्या चढायच्या आहेत, म्हणून मुद्दाम विचारतो. (तुम्ही पडावे अशी माझी बिलकूल इच्छा नाही. पहिल्या दिवशी होती, ती आता राहिली नाही.) सौ. मीनाताईंना थोडी उसंत मिळते का? आमची सौ. सुला सांगत होती की अभिनंदनाला येणाऱ्यांचा चहा करता करता तिच्या बहिणीचे कंबरडे मोडले. आमच्याकडे चहाचे पातेले निवांत आहे. हे पत्र सुलाच्याच हाती देतो, कारण वीस तारखेला पुरस्काराची यादी लागल्यापासून मी तुमच्याशी बोलत नाही. तुमच्या हे लक्षात आले नसेल, तर आता यावे.

स्पष्टच लिहितो, माझा जळफळाट झाला आहे. मत्सर वाईट असतो हे मी बत्तीस वर्षे पोरांना शिकवतो आहे, पण तो इतक्या जवळचा असतो हे मला आत्ता कळले. तसा तो जुनाच म्हणायचा. सासुरवाडीला आपण दोघे जेवायला बसलो की तुमच्या पुरणपोळीवर तूप आधी पडते आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर वाटीचा तळ दिसतो. गेल्या वर्षीच्या धोंड्याच्या महिन्यात तुम्हाला सफारीचे कापड मिळाले आणि मला टॉवेल-टोपी. (टोपी चांगली आहे, तक्रार नाही. पण टॉवेलाने सफारी शिवता येत नाही.) तुमची शाळा डांबरी रस्त्याला, एसटी दारात थांबते, वर स्लॅब आहे. माझी शाळा फाट्यापासून अडीच किलोमीटर आत, वर पत्रे. साहेब लोक तपासणीला निघाले की वाटेत पहिल्यांदा तुमची शाळा लागते, तिथे चहा-पोहे होतात, मग ऊन चढते आणि साहेब परत फिरतात. बत्तीस वर्षांत माझ्या शाळेत दोनच साहेब आले, आणि त्यातले एक नामपूरला जायचे म्हणून वाट चुकून आले होते.

आपल्या खात्याची उतरंड तुम्हाला सांगायला नको, पण तुम्ही नुकतेच एक पायरी वर गेलात, म्हणून खालचे दृश्य आठवणीत असू द्या. तळाला पोरे, त्यांच्यावर गुरुजी, गुरुजींवर मुख्याध्यापक, त्यांच्यावर केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी, मग उपसंचालक, पुण्याला संचालक आणि सगळ्यांच्या डोक्यावर मंत्रालय. (त्याच्याही वर देव असावा, पण त्याच्या सहीचा कागद अजून कुणी पाहिलेला नाही.) खालून वर जाणारा कागद प्रत्येक पायरीवर बसून दम खातो. पत्रे गळतात म्हणून मी शहाण्णव साली केलेला अर्ज अजून कुठेतरी बसलेला आहे. वरून खाली येणारा कागद मात्र घसरगुंडीवरून येतो. आणि या एवढ्या मोठ्या खात्याला आदर्श शिक्षक कोण ते आपणहून कळत नाही. आपण आदर्श आहोत असा प्रस्ताव ज्याचा त्याने करायचा, तीन प्रतींत, पुराव्यांसह. त्यात स्वतःबद्दल दुसऱ्या कुणी लिहावे तसे लिहायचे, 'सदर शिक्षक अत्यंत नम्र असून प्रसिद्धीपासून दूर राहतात.' मग हा नम्रपणा सही-शिक्क्यानिशी प्रसिद्धीसाठी वर पाठवायचा.

मे महिन्यात तुम्ही आंब्यांची टोपली घेऊन आलात आणि म्हणालात, "भाऊ, अक्षर तुमचं, नशीब माझं. एवढा प्रस्ताव लिहून द्या." मी पाघळलो. आंब्यांना नव्हे, अक्षराला. (आंबे निम्मे कच्चे होते, हेही एकदा सांगून टाकतो.) तुमच्या उपक्रमांच्या यादीत तीन कलमे होती. वृक्षारोपण, ज्यातली झाडे शेळ्यांनी खाल्ली होती. हस्ताक्षर स्पर्धा, जिचे परीक्षण मीच येऊन केले होते. आणि तिसरे, 'सर्व सण साजरे केले.' छापील नमुन्यात रकाने सतरा. आता लेखणी हातात असताना रिकामा रकाना मला बघवत नाही, हा माझा जन्माचा दोष आहे. मी भरत गेलो. कांदा लागवडीच्या दिवसांत पोरे आईबापांबरोबर वावरात जातात, म्हणून सकाळी सात वाजता खळ्यावर भरणारी शाळा लिहिली. बाजाराच्या दिवशी पोरांना वजनकाट्यापाशी नेऊन शिकवलेले गणित लिहिले. सगळे माझ्याच शाळेतले होते, कारण खोटे मला सुचत नाही. मनात म्हटले, जयरामराव कुठलाच कागद मुदतीत देत नाहीत, हा तरी कुठे जाणार आहे.

आणि मग मी झोळी लिहिली. झोळीची हकीगत तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा वाचा, कारण गुरुवारी लोक तुम्हालाच विचारतील. चार वर्षांपूर्वी आमच्या चिमणाबाईंची अक्काबाई दुसरीतून शाळेत यायची थांबली. मी घरी गेलो, तर चिमणाबाई वावरात निंदायला निघालेल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पोर शाळामा गयी तं धाकलाले कोन संभाळी?" खात्याकडे याचे परिपत्रक नव्हते. मी म्हटले, धाकल्यालाही आणा. वर्गाच्या आढ्याला सुलाच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली. अक्काबाई एका हाताने झोळीची दोरी ओढायची आणि दुसऱ्या हाताने पाटीवर लिहायची. महिनाभरात झोळ्या चार झाल्या आणि घरी बसलेल्या सहा पोरी वर्गात आल्या. कधीकधी माझी कविता म्हणून व्हायची आणि पोरांच्या आधी झोळ्यांतले झोपायचे. अक्काबाई यंदा सहावीत आहे. या साध्या गोष्टीला मी तुमच्या प्रस्तावात 'शिशुसंगोपनातून स्त्रीशिक्षण' असे भारदस्त नाव दिले, आणि पुरावा लागतो म्हणून माझ्याकडचा फोटो डकवला. वर्गात झोळ्या टांगल्या आहेत, पोरी लिहीत आहेत आणि टोपी घातलेले गुरुजी पाठमोरे उभे राहून फळ्यावर लिहीत आहेत. जयरामराव, ती पाठ माझी आहे. सबंध जिल्ह्याच्या निवड समितीने माझ्या पाठीची वाहवा केली आणि हार तुमच्या गळ्यात पडणार आहे.

यानंतर माझी स्वतःची चूक झाली. जूनच्या अखेरीस तुमच्या आधीचे केंद्रप्रमुख मला म्हणाले, "आहेर गुरुजी, पुढच्या मेमध्ये तुम्ही निवृत्त. यंदा नाही तर कधीच नाही." मला एकदम हाव सुटली. बत्तीस वर्षांत माझे नाव माईकवरून एकदाच पुकारले गेले आहे, आणि तेही नाशिकच्या स्टँडवर पिशवी विसरलो तेव्हा. मी रात्रीचा दिवस केला आणि माझा प्रस्ताव लिहिला. तेच उपक्रम, तेच अक्षर, त्याच फोटोची दुसरी प्रत. दुसरे काय लिहिणार होतो? माझ्याकडे आयुष्य एकच होते आणि ते तुमच्या प्रस्तावात खर्ची पडलेले. तरी मी निर्धास्त होतो, कारण तुमचा कागद तुमच्या कपाटातच असणार. पण तुम्ही, ज्यांनी स्वतःच्या लग्नाला वरात तीन तास उशिरा आणली, तुम्ही यंदा प्रस्ताव मुदतीच्या आठ दिवस आधी दिलात.

तालुक्याच्या कचेरीतले खाजाभाई, जे आवक-जावक सांभाळतात, ते माझ्यापुढे रजिस्टर उघडून बसले. तुमचा आवक क्रमांक दोनशे चौदा, माझा दोनशे एकतीस. मी म्हटले, खाजाभाई, झोळी मी बांधली, लुगडे आमच्या घरातले. ते भले माणूस, त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "गुरुजी, मला सगळं मान्य हे. पन ज्याचा आवक नंबर पहिला, त्याचा उपक्रम पहिला. झोळीला कुठं आवक नंबर हे?" मी म्हटले, अक्षर तर बघा, दोन्ही माझेच आहे. त्यावर ते बिचारे हळूच म्हणाले, "तेच तर साहेब म्हनत्यात. नक्कल करावी तर अशी, अक्षरसुद्धा सोडलं नाय."

तेव्हापासून मी नक्कलबहाद्दर आहे. परवा नोटीस आली. 'श्री. जयराम भामरे यांचे उपक्रम व छायाचित्र आपले म्हणून सादर केल्याबद्दल आपणाविरुद्ध कार्यवाही का करू नये, याचा खुलासा दहा दिवसांत करावा.' नोटीस मुख्याध्यापकाच्या नावे आली, 'संबंधितास बजावून पोच घ्यावी' असा शेरा मारून. मग मुख्याध्यापक आहेर यांनी खुर्चीवर बसून सहशिक्षक आहेर यांना बोलावले, नोटीस वाचून दाखवली, पोच घेतली आणि दोन शब्द समजुतीचे सांगितले. सहशिक्षकाला ते पटले नाहीत. माझ्या जोडीच्या तृप्ती मॅडम दारातून हे पाहत होत्या. त्यांनी पोरांना मैदानावर नेले.

सुला म्हणते, मोठ्याने मोठ्यासारखे वागावे. तिचे काय जाते? तिच्या माहेरी पुरस्कार आलाच आहे, कुठल्या जावयाच्या घरी ठेवायचा एवढाच प्रश्न. पण मला झोप लागत नाही हेही तिने पाहिले आहे. पुरस्कार गेल्याचे दुःख मी पचवीन. माझ्या हातून झालेली एकमेव गोष्ट दुसऱ्याची म्हणून सांगितली जाते आणि ती चोरल्याचा आळ माझ्यावर, हे घशाखाली उतरत नाही. तुम्ही हे मुद्दाम केले नाही, हे मला ठाऊक आहे. मुद्दाम काही करण्याएवढा तुमचा स्वभाव उद्योगी नाही.

मीनाताईंना आणि मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तिळाचे तेल लावा.

तुमचा वयाने, नोकरीने आणि दुर्दैवाने थोरला,
हिरामण आहेर

ता. क. १ : माझा खुलासा सोबत आहे. तो 'केंद्रप्रमुखांमार्फत' जायचा असल्याने तुमच्याच सहीने वर जाईल. पाकीट फोडून वाचा. मी त्यात लिहिले आहे की उपक्रम तुमचेच आहेत, नक्कल माझ्या हातून अनवधानाने झाली, क्षमा असावी. खाजाभाई म्हणाले, असे लिहिले तर ताकीद देऊन फाईल बंद होईल. खरे लिहिले तर चौकशी लागेल, तुमचा पुरस्कार जाईल आणि मला तो मिळणार नाहीच, कारण तालुक्याला एकच असतो आणि त्याची मुदत संपली. मीनाताईंनी नवी पैठणी घेतल्याचे सुलाने सांगितले. तिची घडी मोडायची राहावी, हे मला बघवत नाही.

ता. क. २ : सुलाच्या हाती तुम्ही निरोप धाडला होता की गुरुवारी बोलायचे मनोगत मी लिहून द्यावे. अशी मागणी करायला जे धाडस लागते, त्याबद्दलच खरे तर पुरस्कार हवा. मनोगत लिहिले आहे. चार पाने, ठळक अक्षरात, जिथे थांबायचे तिथे रेघ मारली आहे. झाले चांगले, हे मीच म्हणतो.

ता. क. ३ : दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे, 'झोळी माझी नव्हे, माझे साडू हिरामण आहेर गुरुजी, शाळा वाघदरे, यांची आहे.' तेवढे वाचा. टाळ्या तुम्ही घ्या, शाल तुम्ही घ्या. त्या वाक्याला आवक क्रमांक पडणार नाही, ते कुठल्या फाईलला लागणार नाही, तुमचे काही बिघडणार नाही. मी बायकांच्या रांगेमागे उभा असेन. चिमणाबाई आणि अक्काबाईलाही घेऊन येतो आहे, त्यांना मी कार्यक्रम कशाचा ते सांगितलेले नाही. खुलाशावर सही मात्र शुक्रवारी करा, आधी करू नका. कागदावर मी जन्मभर चोर राहायला तयार आहे, पण आधी एकदा ते ऐकू द्या.