सॉफ्टवेअरच्या चुकांची वही

रविवार, ४ फेब्रुवारी १९९६. सकाळी ६.४०
वर्कशॉपात कॉम्प्युटर आला. जुना, पण फोर-एट-सिक्स. मावसभावाचा मुलगा अभिमन जळगावला कॉलेजच्या लॅबमध्ये आहे, तो काल तीन फ्लॉपी घेऊन भडगावला आला. पडद्यावर सर्किट काढायचे, बटण दाबायचे. एकही वायर न जोडता ते चालेल की नाही ते दिसते. मी म्हणालो, बावीस वर्षे मी हेच डोक्यात करतो आहे. तो म्हणाला, "हो काका, पण डोक्याचा प्रिंटआउट निघत नाही." हुशार आहे. जरा आगाऊ.

संकल्प: माझा प्रिव्हेंटर पडद्यावर सिद्ध करणे. विहिरीवरच्या मोटरीला तीन फेज लागतात. चालू असताना एक गेला की मोटर घुमत राहते आणि जळते. माझा डबा ते ओळखतो, रिले म्हणजे आतला स्विच पाडतो, मोटर बंद. आजवर दिलेले डबे त्रेचाळीस. तक्रारी शून्य.

(नथ्थू पाटलांची मोटर माझा डबा असताना दोनदा जळली. पण तो दोष जळक्या मोटरी भरणाऱ्या गिरधरच्या वाइंडिंगचा. मी तसे स्टँडवर चार लोकांदेखत सांगितले. दुसऱ्या वेळी त्याने मोटर फुकट भरून दिली, म्हणजे कबूलच केले.)

मंगळवार, ६ फेब्रु.
सॉफ्टवेअर चालत नाही. म्हणते, सर्किटला ग्राउंड नाही. माझा डबा पत्र्याचा, लोखंडी पॅनेलला स्क्रूने बसतो. वेगळे अर्थिंग कशाला? एवढे त्याला कळायला हवे. नवीन वही उघडली. नाव: सॉफ्टवेअरच्या चुका. चूक क्र. १ नोंदवली.

गुरुवार, ८ फेब्रु.
बूथवरून अभिमनला फोन. तो म्हणाला, पडद्यावरचे ग्राउंड म्हणजे जमिनीतली पट्टी नव्हे. व्होल्टेज कुठून मोजायचे ती शून्याची जागा. ती दिलीच नाही तर ते मोजणार कुठून? मला हे माहीत होते. खात्री करून घेतली. चूक क्र. १ खोडली नाही. शाईने लिहिलेली आहे.

रविवार, ११ फेब्रु. दुपारी
ग्राउंड दिले. आता म्हणते, उत्तर जमत नाही. चार तास. चुका क्र. २ ते ९. नववी नोंदवताना दिसले की ट्रान्झिस्टरचे दोन पाय मी उलटे जोडले होते. सॉफ्टवेअरमधले चित्रच फसवे आहे. लता चहा ठेवताना वहीत डोकावली. म्हणाली, "अहो, शेवटची दोन पानं तुमच्यासाठी ठेवा."

गुरुवार, १५ फेब्रु. सकाळी ११.१०
यश! टेबलावर मी डबा जसा तपासतो तसाच पडद्यावर मांडला. तीन फेजवर तीन बल्ब. एक फ्यूज उपसला, बल्ब विझला, रिले पडला. त्रेचाळीसही डबे असेच पास होऊन गेले आहेत. प्रिंटआउट भिंतीला चिकटवला. सरळ बसला नाही म्हणून काढून पुन्हा चिकटवला.

रविवार, १८ फेब्रु.
अभिमन आला. प्रिंटआउट पाहून म्हणाला, "काका, नथ्थूभाऊ विहिरीवर बल्ब लावतात का?" बल्ब काढून त्याने मोटरीचे मॉडेल टाकले. मोटर फिरवली, एक फेज काढला. रिले पडेना. त्याचे म्हणणे, फिरती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज उभे करते. डब्याला वाटते तिन्ही आहेत. मी म्हणालो, मोटर वीज खाते, पिकवत नाही. चूक क्र. १०. पुढे 'गंभीर' लिहिले.

गुरुवार, २२ फेब्रु.
सॉफ्टवेअर तीनदा नव्याने टाकले. व्हायरस शोधला. काच पुसली. रिले पडेना.

दुपारी २.१५. दोष सापडला. मोटर किती व्होल्टेज परत देते, असा एक आकडा मॉडेलमध्ये कोणीतरी भरून ठेवला आहे. तो शून्य केला. रिले टक्कन पडला. सॉफ्टवेअर दुरुस्त.

रविवार, २५ फेब्रु.
नथ्थूभाऊ आले. म्हणाले, "केळी घडावर शे, भाऊ. आते मोटर जयनी ते बठ्ठं गयं." मोटर जळाली तर सगळे पीक जाणार, ही त्यांची काळजी. मी प्रिंटआउट दाखवला. त्यांनी तो आधी उलटा धरला. मी सांगितले, शुक्रवारी तुमच्या विहिरीवर चालत्या मोटरीचा फ्यूज उपसून दाखवतो. गिरधरलाही बोलवा. त्यालाही शिकायला मिळेल.

शुक्रवार, १ मार्च
सकाळी ९.२० ला मोटर सुरू. ९.२५ ला मी फ्यूज उपसला. मोटरीचा आवाज जड झाला. डब्यावरचा 'सर्व ठीक'चा हिरवा दिवा लागलेलाच. मी म्हणालो, थांबा, रिलेला वेळ लागतो. माझ्या रिलेला अर्धा सेकंद लागतो, हे मलाच पाठ आहे. घड्याळात पाहत राहिलो. वीस सेकंद. गिरधरने मला बाजूला सारून मेन स्विच पाडला.

मग त्याने मोटरीवर तळवा ठेवला. "तापनी. पन वाचनी."

नथ्थूभाऊंनी माझ्याकडे पाहिलेच नाही. गिरधरला म्हणाले, "दोन डाव तुले बोलनू रे भाऊ." तो म्हणाला, "जाऊ द्या, आबा."

एस.टी.त बसल्यावर पाहिले, फ्यूज माझ्याच खिशात आला आहे.

शनिवार, २ मार्च
तो आकडा पुन्हा होता तसा भरला. रिले पडत नाही. बरोबर आहे.

फेज गेला की बल्ब विझतोच, मोटर फिरत राहते. मी बावीस वर्षांत टेबलावर एकदाही मोटर ठेवली नाही. त्रेचाळीस विहिरींवर हिरवा दिवा लागलेला आहे.

वहीवरचे 'सॉफ्टवेअरच्या' खोडले.

मंगळवार, ५ मार्च
संकल्प: गिरधरकडे जाऊन स्पष्ट माफी मागणे. वाक्य लिहून पाठ केले. नुसते कसे जायचे म्हणून घरचा टेबल फॅन नेला. म्हटले, याचे वाइंडिंग गेले आहे, तूच भर.

दुकानात चार गिऱ्हाईके. त्याने फॅन लावला. तो छान फिरला. सगळे वारा घेत बसले. गिरधर म्हणाला, "भाऊ, याले काहीच व्हयेल नही." मी म्हणालो, अधूनमधून होते. त्याने खोलून पाहिला, तेल सोडले, बंद केला आणि माझ्याकडे पाहत थांबला. मी कशाला आलो ते त्याला कळले होते.

मी विचारले, बेअरिंग?

"बेअरिंग बी चांगलं शे."

फॅन घेऊन परत आलो. लताने विचारले, काय बिघडलं होतं? सांगितले, काही नाही. उद्या पुन्हा न्यावा लागेल.